शीर्षक दोन ओळींत थांबतच नाही: वेबकिट प्रीफिक्सचे तेच तेच प्रॉब्लेम आणि त्यांचे उपाय

हा प्रॉब्लेम मी गेल्या दोन वर्षांत चार वेळा सोडवलाय आणि चारही वेळा तो परत आलाय, म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून ठेवतेय. वेबकिट म्हणजे सफारी ब्राउझरचं इंजिन, आणि प्रीफिक्स म्हणजे सीएसएसच्या (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडच्या) प्रॉपर्टीच्या पुढे लावलेलं -वेबकिट- असं ब्राउझरचं नाव. एका मराठी मासिकाची वेबसाइट मी सांभाळते. होमपेजवर लेखांची कार्डं आहेत, प्रत्येक कार्डात फोटो आणि खाली शीर्षक, शीर्षक दोन ओळींपेक्षा जास्त झालं की पुढे तीन टिंबं यायला हवीत. लोकलला म्हणजे माझ्या मशीनवर सगळं बरोबर दिसतं, लाइव्ह केलं की एखाद्या कार्डाचं शीर्षक पाच ओळी खाली लोंबतं, शेजारची कार्डं वरखाली होतात आणि संपादक मॅडमचा फोन येतो की "अगं, परत तसंच झालंय बघ". मराठी शीर्षकं लांबच असतात, "पावसाळ्यात दुर्गभ्रमंतीला जाताना घ्यायची काळजी आणि सोबत न्यायच्या वस्तूंची यादी" असलं शीर्षक मोबाइलवर चार ओळी सहज खातं, त्यामुळे इंग्रजी डमी मजकूर टाकून टेस्ट केलं तर हा प्रॉब्लेम दिसतच नाही.

काहीही बदलायच्या आधी ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट उघडा आणि त्या शीर्षकाला लागलेली स्टाइल बघा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. एक, तुम्ही लिहिलेली ओळ तिथे नाहीच, म्हणजे ती ब्राउझरपर्यंत पोचलीच नाही, बिल्डमध्ये (लिहिलेल्या कोडची लाइव्ह फाइल तयार होताना) कुठेतरी गळाली. दोन, ओळ आहे पण खोडलेली आहे आणि बाजूला पिवळा त्रिकोण आहे, म्हणजे त्या ब्राउझरला ती प्रॉपर्टी किंवा तिची व्हॅल्यू कळत नाही. तीन, ओळ खोडलेली आहे पण त्रिकोण नाही, म्हणजे ब्राउझरला सगळं कळतंय, फक्त दुसरा कुठला तरी नियम तिच्यावर चढलाय. या तिन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि लोक (मीसुद्धा सुरुवातीला) हे न बघताच आणखी चार प्रीफिक्स चिकटवून मोकळे होतात, मग गुंता वाढतो.

आता शीर्षकाचं. दोन ओळींत कापायला लागतं ते एवढंच:

डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स;
-वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल;
-वेबकिट-लाइन-क्लॅम्प: २;
ओव्हरफ्लो: हिडन;

चारही ओळी लागतात, एकही वगळून चालत नाही. ओव्हरफ्लो राहिलं तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी टिंबं येतात पण तिसरी-चौथी ओळ खाली दिसतच राहते. ओरिएंट किंवा डिस्प्ले गेलं तर टिंबं येतच नाहीत आणि अख्खं शीर्षक दिसतं. आमच्याकडे हे दुसरं होत होतं. इन्स्पेक्टमध्ये बघितलं तर चारपैकी तीनच ओळी होत्या, बॉक्स-ओरिएंट गायब.

ती कुणी खाल्ली? ऑटोप्रीफिक्सरने. आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही, कारण ते टूल फक्त प्रीफिक्स लावत नाही, कालबाह्य झालेले प्रीफिक्स काढूनही टाकतं, ते त्याचं कामच आहे. बॉक्स-ओरिएंट ही फ्लेक्सबॉक्सच्या (पानावरचे डबे मांडायच्या पद्धतीच्या) २००९च्या जुन्या मसुद्यातली प्रॉपर्टी, आता फ्लेक्स सगळीकडे चालतं, मग हा जुना कचरा कशाला ठेवायचा असा त्याचा हिशोब. फ्लेक्ससाठी तो हिशोब बरोबर आहे. पण लाइन-क्लॅम्प त्याच जुन्या बॉक्सवर उभं आहे, बॉक्स-ओरिएंट काढलं की ते बसतं. नवीन ऑटोप्रीफिक्सर हे ओळखतो आणि ती ओळ सोडून देतो, जुन्या आवृत्तीत मात्र त्या ओळीच्या बरोबर वर "ऑटोप्रीफिक्सर: इग्नोर नेक्स्ट" अशी कॉमेंट टाकावी लागते. आम्ही जुन्यावर होतो, तर मी कॉमेंट टाकली, लोकलला चाललं, लाइव्ह केलं, परत गायब!

इथे माझे दोन दिवस गेले. आमची स्टाइल सासमध्ये (सीएसएस सोपं लिहायच्या भाषेत) आहे, आणि सास फाइल लहान करायच्या कॉम्प्रेस्ड मोडमध्ये साध्या कॉमेंट उडवून टाकतो. म्हणजे आधी सासने कॉमेंट उडवली, मग ऑटोप्रीफिक्सर आला, त्याला कॉमेंट दिसलीच नाही, त्याने ओळ काढली. लोकलला कॉम्प्रेस्ड नसतं म्हणून तिथे सगळं छान. उपाय एका चिन्हाचा आहे, कॉमेंट सुरू करताना स्लॅश-स्टारच्या लगेच पुढे उद्गारचिन्ह टाकायचं, तशी कॉमेंट सास कॉम्प्रेस्डमध्येही ठेवतो आणि ऑटोप्रीफिक्सरलाही ती कळते. दोन स्लॅशवाली कॉमेंट मात्र अजिबात नको, ती तर कधीच पुढे जात नाही. आणि शक्य असेल तर सरळ ऑटोप्रीफिक्सर अपडेट करा, म्हणजे कॉमेंटची भानगडच उरत नाही.

नंतर एकदा हाच प्रॉब्लेम वेगळ्या कारणाने आला. चारही ओळी जागेवर, पण डिस्प्ले खोडलेला आणि त्रिकोण नाही. कुणीतरी त्याच शीर्षकाला मोठ्या स्क्रीनसाठी डिस्प्ले ब्लॉक दिलं होतं. टेलविंड (तयार क्लास देणारी सीएसएस लायब्ररी) वापरणाऱ्यांकडे हे फार होतं, तीन पॉइंट तीन आवृत्तीपासून लाइन-क्लॅम्पचा क्लास त्यातच येतो, आणि त्याच एलिमेंटवर सवयीने ब्लॉक किंवा फ्लेक्सचा क्लास पडलेला असतो. डिस्प्ले एकच असू शकतो, दुसरा आला की वेबकिट-बॉक्स गेला. अशा वेळी शीर्षकाच्या आत एक स्पॅन घ्या आणि क्लॅम्प त्याच्यावर लावा, बाहेरच्याला काय हवं ते द्या. रिअ‍ॅक्टमध्ये इनलाइन स्टाइल लिहित असाल तर वेबकिटचा डब्ल्यू कॅपिटल, मोझ (फायरफॉक्सचा प्रीफिक्स) आणि ओ (ऑपेराचा) पण कॅपिटल, फक्त एमएस (मायक्रोसॉफ्टचा) तेवढा लहान लिपीत, हे विसरलं जातं.

तिसरा प्रकार जरा मजेशीर आहे, टिंबं बरोबर येतात पण त्यांच्या खाली तिसऱ्या ओळीची शिरोरेघ आणि वेलांट्या डोकावतात, अक्षरांचा वरचा अर्धा भाग दिसतो आणि खालचा कापलेला. याचं कारण पॅडिंग. ओव्हरफ्लो हिडन पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला कापतं, त्यामुळे खालच्या पॅडिंगमध्ये तिसरी ओळ येऊन बसते. शीर्षकाचं खालचं पॅडिंग काढा, हवी ती जागा बाहेरच्या डब्याला द्या. ग्रिडमध्ये असेल तर शीर्षक ताणलं जाऊन उंची वाढते आणि तेच होतं, तिथे अलाइन-सेल्फ स्टार्ट देऊन बघा. आणि लाइन-हाइट एक पॉइंट दोन वगैरे ठेवू नका, "वस्तूंची"मधला दीर्घ ऊकार शेवटच्या ओळीत आला की त्याचं शेपूट कापलं जातं. मी एक पॉइंट पाचच्या खाली जात नाही.

आता कुणी म्हणेल की एवढा त्रास आहे तर प्रीफिक्स काढून नुसतं लाइन-क्लॅम्प लिहू की. नका. मला या सगळ्यातून कळलेली मुख्य गोष्ट हीच की आज कोडमध्ये दिसणारे प्रीफिक्स दोन जातीचे आहेत. एक जात तात्पुरती, म्हणजे बॉर्डर-रेडियस, ट्रान्झिशन, ट्रान्सफॉर्म, यांचे प्रीफिक्स इमारतीच्या परांचीसारखे होते, काम झालं, आता काढून टाका. दुसरी जात मात्र कायमची झालेली आहे, तिथे वेबकिट हा प्रीफिक्स राहिलेलाच नाही, ते त्या प्रॉपर्टीचं नावच आहे. -वेबकिट-लाइन-क्लॅम्प फायरफॉक्सने २०१९ साली ६८ आवृत्तीत घेतलं ते याच नावाने, वेबकिट-बॉक्ससकट. म्हणजे फायरफॉक्स, ज्याचा वेबकिटशी काही संबंध नाही, त्यातही तुम्ही वेबकिट लिहायचं.

असं का झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की कुठला प्रीफिक्स कुठल्या जातीचा हे ओळखायला सोपं जातं. मूळ कल्पना चांगली होती, प्रयोगात असलेल्या प्रॉपर्टीला ब्राउझरवाल्यांनी आपलं नाव लावायचं, पक्की झाली की नाव काढायचं. पण आयफोन आल्यावर मोबाइल साइट लिहिणाऱ्यांनी फक्त वेबकिटचं लिहिलं आणि बाकीच्यांसाठी काही लिहिलंच नाही, त्यामुळे दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या साइट मोडक्या दिसायच्या. फेब्रुवारी २०१२मध्ये सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या सीएसएस वर्किंग ग्रुपच्या पॅरिसच्या बैठकीत मोझिला (फायरफॉक्सवाले), मायक्रोसॉफ्ट आणि ऑपेरा यांनी सांगितलं की आम्हालाही आता वेबकिटचे प्रीफिक्स ओळखावे लागतील. ग्रुपचे सहअध्यक्ष डॅनियल ग्लाझमन यांनी त्यावर जाहीर हाक दिली की बाबांनो फक्त वेबकिटपुरतं लिहिणं थांबवा. पण उशीर झाला होता. ऑपेराने त्याच वर्षी सुरुवात केली, मायक्रोसॉफ्टने २०१४ला विंडोज फोनवर आणि मग एज ब्राउझरमध्ये, आणि फायरफॉक्सने सप्टेंबर २०१६मध्ये ४९ आवृत्तीत. शेवटी व्हॉटडब्ल्यूजीने (वेबची स्टँडर्ड लिहिणाऱ्या गटाने) कंपॅटिबिलिटी नावाचं वेगळं स्टँडर्डच केलं, त्यात कुठल्या वेबकिट गोष्टी सगळ्यांनीच पाळायच्या ते लिहिलंय. क्रोमच्या ब्लिंक इंजिनने २०१३मध्येच आणि वेबकिटने २०१६मध्ये ठरवलं की नवीन प्रयोग प्रीफिक्सने नाही तर सेटिंगमधल्या फ्लॅगमागे ठेवायचे. म्हणजे नवीन प्रीफिक्स जवळपास येणार नाहीत, जे आहेत त्यांचंच निस्तरायचंय.

या दोन जातींच्या मध्ये एक तिसरा घोळका आहे, जिथे प्रीफिक्स नुकताच सुटलाय पण जुन्या फोनवर अजून लागतो, आणि सगळ्यात जास्त मोडतोड इथेच होते, कारण कुणीतरी साफसफाई करायला घेतो. आमच्या वरच्या पट्टीला मागचं धूसर दिसावं म्हणून बॅकड्रॉप-फिल्टर होतं. एका सहकाऱ्याने "आता सगळीकडे चालतं" म्हणून वेबकिटवाली ओळ काढली आणि माझ्या सासूबाईंच्या जुन्या आयफोनवर पट्टीतली अक्षरं खालच्या लेखात मिसळून गेली, काही वाचता येईना. सफारीत बॅकड्रॉप-फिल्टर बिनप्रीफिक्सचं आलं ते २०२४च्या १८ आवृत्तीत, त्याआधी २०१५पासून ते प्रीफिक्सनेच चालायचं. आयफोन ७सारखा फोन आयओएस १५च्या पुढे जातच नाही, म्हणजे त्याला ते कधीच बिनप्रीफिक्सचं मिळणार नाही. आणि आयफोनवर क्रोम टाकून उपयोग नाही, युरोपियन युनियनसारख्या काही ठिकाणची सूट सोडली तर आयफोनवरचा क्रोमसुद्धा आतून वेबकिटच असतो. युजर-सिलेक्टलाही (मजकूर निवडता यावा की नाही) सफारीसाठी प्रीफिक्स ठेवा. मास्कचं (एखाद्या आकारात कापून दाखवायचं) उलट, तिथे सफारी आणि फायरफॉक्स पुढे होते आणि क्रोमला डिसेंबर २०२३च्या १२० आवृत्तीपर्यंत वेबकिट-मास्क लागायचं.

दोन्ही लिहिताना क्रम पाळा, प्रीफिक्सवाली ओळ आधी, साधी ओळ शेवटी. बऱ्याच ब्राउझरमध्ये दोन्ही नावं एकाच प्रॉपर्टीची असतात आणि शेवटची जिंकते. ग्रेडियंटमध्ये तर नुसता प्रीफिक्स काढूनही चालत नाही, कारण कोनाचं मोजमापच बदललंय. जुन्या वेबकिट-लिनिअर-ग्रेडियंटमध्ये शून्य अंश म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि कोन घड्याळाच्या उलटा वाढायचा, नव्यात शून्य म्हणजे खालून वर आणि घड्याळाच्या दिशेने. नव्वदमधून जुना कोन वजा केला की नवा मिळतो. जुन्यात "टॉप" म्हणजे वरून सुरू, नव्यात तेच "टू बॉटम". कॉपी-पेस्ट करून ग्रेडियंट आडवा झाला असेल तर कारण हेच.

दिवाळी अंकाच्या पानावर मोठं रंगीत शीर्षक केलं होतं, बॅकग्राउंड-क्लिप टेक्स्टने, अक्षरांत ग्रेडियंट. त्यात तीन वेगवेगळे प्रॉब्लेम एकाच आठवड्यात आले. पहिला, कुणीतरी खाली परत बॅकग्राउंड शॉर्टहँड (सगळ्या बॅकग्राउंड प्रॉपर्टी एका ओळीत) लिहिला, त्याने क्लिप रीसेट झालं, अक्षरं पारदर्शक आणि मागे नुसता रंगीत पट्टा. क्लिपची ओळ नेहमी बॅकग्राउंडच्या खाली हवी. दुसरा, "दिवाळी"च्या दोन्ही वेलांट्या वरून कापलेल्या, "अंक"चा अनुस्वार तर नाहीच. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये लाइन-हाइट एक होती, आणि बॅकग्राउंड डब्याच्या बाहेर रंगत नाही, त्यामुळे डब्याबाहेर गेलेला अक्षराचा भाग रंगाविना राहतो म्हणजे अदृश्य. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते, लाइन-हाइट वाढवा किंवा वर थोडं पॅडिंग द्या. तिसरा एका वाचक काकांनी कळवला, पान प्रिंट केलं तर शीर्षकाच्या जागी कोरा कागद. ब्राउझर प्रिंटमध्ये बॅकग्राउंड सहसा छापत नाहीत आणि अक्षरं पारदर्शक. प्रिंटच्या मीडिया क्वेरीमध्ये नुसता कलर काळा करून भागत नाही, वेबकिट-टेक्स्ट-फिल-कलर त्याच्यावर चढतो, तोही करंट-कलर करावा लागतो.

देवनागरीचाच आणखी एक, वेबकिट-टेक्स्ट-स्ट्रोकने अक्षरांना बाह्यरेषा दिली की शिरोरेघेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे उभ्या बारीक रेघा दिसतात, कारण प्रत्येक अक्षराला वेगळी बाह्यरेषा पडते. पेंट-ऑर्डर: स्ट्रोक फिल द्या, म्हणजे आधी रेषा आणि वरून रंग, आतल्या रेघा झाकल्या जातात. साध्या मजकुरावर क्रोममध्ये हे १२३पासून चालतं, सफारी-फायरफॉक्समध्ये त्याच्या बरंच आधीपासून.

सिलेक्टरचा (नियम कशाला लागू होतो ते सांगणाऱ्या नावाचा) प्रॉब्लेम वेगळा आहे आणि तो समजून घ्याच. आमच्या अभिवाचनाच्या ऑडिओ प्लेअरमध्ये सरकवायचा गोल ठोकळा आहे. त्याच्यासाठी -वेबकिट-स्लायडर-थंब आणि -मोझ-रेंज-थंब असे दोन सिलेक्टर लागतात, मी दोघांना स्वल्पविराम देऊन एकाच नियमात लिहिलं. फायरफॉक्समध्ये मस्त, क्रोममध्ये काहीच नाही. नियम असा की स्वल्पविरामाच्या यादीत एक जरी सिलेक्टर कळला नाही तरी ब्राउझर अख्खा नियम टाकून देतो. क्रोमला मोझवाला कळत नाही, नियम गेला. पण वेबकिटने सुरू होणारे अनोळखी स्यूडो-एलिमेंट (ठोकळ्यासारखे एलिमेंटचे आतले भाग) मात्र सगळ्यांनी खपवून घ्यायचे अशी सूट आहे, म्हणून फायरफॉक्समध्ये चाललं. दोन वेगळे नियम लिहा, तेच डिक्लेरेशन दोनदा आलं तरी येऊ दे. आणि बिल्डनंतर मिनिफायरने (फाइल लहान करणाऱ्या टूलने) ते परत एकत्र केलेत का तेवढं बघा. प्लेसहोल्डरसाठी आता साधा प्लेसहोल्डर पुरतो, तिथे ही सर्कस नको.

स्क्रोलबारचं पटकन सांगते. जानेवारी २०२४च्या क्रोम १२१मध्ये स्क्रोलबार-कलर आणि स्क्रोलबार-विड्थ आले, आणि ते लिहिलेले असले की वेबकिट-स्क्रोलबारचं सगळं सजवणं दुर्लक्षित होतं. फायरफॉक्ससाठी म्हणून आधीच ते लिहून ठेवलेल्या साइटवर क्रोममधला स्क्रोलबार अचानक बदलला तो यामुळे. वेबकिटवाला भाग "सपोर्ट्स नॉट स्क्रोलबार-कलर: ऑटो"मध्ये टाका.

आता हे सगळं परत परत का येतं? आमच्याकडे मूळ ब्राउझरलिस्टमध्ये (कुठले ब्राउझर सांभाळायचे त्या यादीत) होतं. ऑटोप्रीफिक्सर कुठले प्रीफिक्स लावायचे ते त्या यादीवरून आणि कॅनआययूज-लाइटच्या (कुठल्या ब्राउझरला काय कळतं त्याच्या) डेटावरून ठरवतो. माझ्या मशीनवर डेटा नवा, बिल्ड सर्व्हरवर लॉकफाइलमुळे (पॅकेजच्या आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या फाइलमुळे) जुना, एकाच कोडचे दोन वेगळे निकाल. शिवाय यादीत डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन असे दोन भाग असतात, डेव्हलपमेंटमध्ये फक्त नवे ब्राउझर असले तर लोकलला जुन्या सफारीचे प्रीफिक्स लागतच नाहीत आणि तुम्ही फोनवर लोकल उघडून बघत बसता. दोन्ही भाग सारखे करा, ब्राउझरलिस्टचा डेटा अपडेट करायची कमांड दर महिन्या-दोन महिन्यांनी चालवा आणि बदललेली लॉकफाइल कमिट करा. यादीत कुठले ब्राउझर ठेवायचे ते स्वतःच्या वाचकांचा आकडा बघून ठरवा, आमच्याकडे गावाकडचे वाचक जुने फोन वापरतात, म्हणून मी यादीत आयओएस १५ मुद्दाम ठेवलंय आणि ते तिथे का आहे याची कॉमेंटही लिहिलीय, म्हणजे पुढचा माणूस काढणार नाही.

आणि एक चेक बिल्डला जोडलाय. बिल्ड झाली की तयार फाइलमध्ये बॉक्स-ओरिएंट शोधायचं, सापडलं नाही तर बिल्ड फेल. त्यासोबत एक टेस्ट पान आहे, त्यात वरचं ते दुर्गभ्रमंतीचं शीर्षक, "दिवाळी अंक", एक ऑडिओ प्लेअर आणि धूसर पट्टी, एवढंच. दर रिलीजला ते पान मी सासूबाईंच्या फोनवर उघडते आणि "वस्तूंची"च्या ऊकाराचं शेपूट पूर्ण दिसतंय का ते आधी बघते.